मोजणाऱ्या डॉक्टरांचे मिटलेले डोळे

आमच्या स्केलसे बेटावर एकशे चौसष्ट माणसे राहतात आणि त्यांच्यातल्या एकाची गोष्ट उरलेल्या एकशे त्रेसष्टांना कळायला अर्धा दिवस पुरतो. सकाळी घडलेली गोष्ट दुपारपर्यंत जेसी-ॲनच्या दुकानात पोचते आणि मग ती सगळ्या बेटाची होते. मी इथल्या शाळेत अडतीस वर्षे शिकवले, त्यामुळे माझ्या बाबतीत अर्धा दिवसही लागत नाही. माझा चहा सांडला तर तो टिपायला कुणीतरी फडके घेऊन दारात उभे असते.

म्हणून मेरन कर्सिटरने मला ते काम सांगितले तेव्हा मी आधी हसलोच.

"मास्तर, तुम्ही सगळ्या बेटाला एक गोष्ट शिकवायची आहे," ती म्हणाली.

"कोणती गं?"

"गप्प बसायला."

मेरन माझी जुनी विद्यार्थिनी. तेव्हा तीच एकोणपन्नास वर्षांची झाली होती. ती आणि तिचा नवरा एरलंड बेटाच्या उत्तर टोकाला मांसासाठीची गुरे पाळतात. त्याच्या तीन वर्षे आधी एका सकाळी कालवडींना चारा घालताना तिचा डावा पाय दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा वागू लागला. महिन्याभराने एका डोळ्याला अंधुक दिसू लागले. तपासण्या झाल्या आणि नाव कळले, मल्टिपल स्क्लेरोसिस. मज्जातंतूंवरचे आवरण जागोजागी झिजते आणि मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत धड पोचत नाही. आमच्या ऑर्कनी बेटसमूहात हे नाव कुणाला समजावून सांगावे लागत नाही. प्रत्येक बेटावर, बहुतेक प्रत्येक कुटुंबात कुणीतरी असतेच. माझी धाकटी बहीण त्यातच गेली. त्यामुळे मेरनने सांगितले तेव्हा लोकांनी "म्हणजे काय?" असे विचारले नाही. "तुलाही?" एवढेच विचारले.

मग दक्षिणेकडच्या एका मोठ्या इस्पितळाने नव्या औषधाच्या चाचणीसाठी माणसे मागितली, आणि मेरनने नाव दिले. रोज दोन कॅप्सूल घ्यायच्या, सकाळी एक, संध्याकाळी एक. निम्म्या लोकांच्या कॅप्सूलमध्ये औषध, निम्म्यांच्या कॅप्सूलमध्ये नुसती भुकटी. दिसायला दोन्ही सारख्या. कुणाला काय मिळाले ते रोग्याला ठाऊक नाही, डॉक्टरांनाही नाही. दोन वर्षांनी ती नोंद असलेले बंद पाकीट उघडायचे आणि मग बघायचे.

"आणि डॉक्टर दोन आहेत, मास्तर," मेरनने बोटांवर मोजून सांगितले. "एक ऐकणारा, एक मोजणारा. ऐकणाऱ्याला मी फोनवर सगळं सांगायचं. पोटात दुखलं, चक्कर आली, काहीही. मोजणारा दर तीन महिन्यांनी इथं येणार. मी आठ मीटर किती सेकंदांत चालते ते बघणार, नऊ भोकांत नऊ खुंट्या किती वेळात बसवते ते बघणार, आकड्यांच्या बेरजा विचारणार. पण माझ्याबद्दल त्याला काही म्हणजे काही कळता कामा नये."

"मग अडचण काय आहे?"

तिने आपल्या गालांवर हात ठेवले. "हे."

मला ठाऊक होते. बेटावर कुणाला ठाऊक नव्हते? कॅप्सूल घेतली की तासाभराने मेरनचा चेहरा गळ्यापासून कपाळापर्यंत बिटासारखा लाल व्हायचा, अर्धा-पाऊण तास तसाच राहायचा आणि मग उतरायचा. खऱ्या औषधाने काही जणांना असे होते, हे इस्पितळाच्या कागदावरच लिहिलेले होते. म्हणजे मेरनला खरे औषध मिळत होते. जेसी-ॲनने तर पहिल्याच आठवड्यात दुकानात जाहीर करून टाकले होते, "आपल्या मेरनला अस्सल मिळालंय हो!"

"मोजणाऱ्याला हे कळलं," मेरन म्हणाली, "तर त्याला ते कागदावर लिहावं लागेल. मग तो मला मोजू शकत नाही. आणि आमच्या त्या आठ जणांच्या विमानात बसायला तयार असलेला हा एकच मोजणारा त्यांना सापडलाय. दुसरा आला नाही तर मला दर तीन महिन्यांनी तिकडे जावं लागेल."

तिला ते जमणार नव्हते. वर्षातून एकदा मेंदूचे फोटो काढायला ती जायची. दोन विमाने, एक रात्र, परतीची दोन विमाने. तिथून आली की आठ दिवस अंथरुणातून उठायची नाही. वर्षातून चारदा असे म्हणजे चाचणीतून नावच काढून घ्यावे लागले असते. आणि तिला ते काढायचे नव्हते. "माझ्यासाठी म्हणून नाही हो," एवढेच ती म्हणाली. तिला दोन मुली आहेत, दोघी शिकायला बाहेर असतात.

मी मुलांपासून सुरुवात केली. मुलांना पटले की आयांना पटायला वेळ लागत नाही, हा माझा अनुभव आहे. निवृत्त झालो तरी आठवड्यातून दोनदा मी शाळेत गणित घ्यायला जातो. शाळेत तेव्हा सात मुले होती. मी दोन ताटल्यांत बॅनॉकचे तुकडे घेऊन गेलो. जवाच्या पिठाची ही जाड भाकरी इथे घराघरात होते आणि प्रत्येकाला आपल्या घरची सगळ्यात चांगली वाटते. एक ताटली जेसी-ॲनच्या दुकानातली, दुसरी बेला फाउबिस्टरच्या आईची. पण मी ते सांगितले नाही. सातही जणांना चाखून मत लिहायला सांगितले. पाच मते दुकानातल्या ताटलीला पडली. त्यात बेलाचेही होते.

मग कोणती ताटली कुणाची ते सांगितले आणि पुन्हा चाखायला लावले.

"आता मला आईची जास्त चांगली लागतेय," बेला म्हणाली. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. तिचा आवाज बंदरावरून चर्चपर्यंत ऐकू जाई.

"खोटारडी!" मागून कुणीतरी ओरडले.

"खोटं नाही बोलत! खरंच चांगली लागतेय!"

"ती खोटं बोलत नाहीये," मी म्हणालो. "तिच्या जिभेला खरंच तसं लागतंय. बेला, भाकरी बदलली का?"

"नाही."

"मग काय बदललं?"

तिने बराच विचार केला. मी थांबलो. मूल विचार करत असताना थांबायचे, एवढेच शिक्षकाचे खरे काम आहे असे मला वाटते.

"मला कळलं," ती शेवटी म्हणाली. "कुणाची आहे ते कळलं ना, म्हणून. म्हणजे मोजणाऱ्या डॉक्टरांना मेरनमावशीचं कळलं, तर त्यांना ती जास्त भरभर चालतेय असं दिसेल. मुद्दाम नाही. पण दिसेल."

त्या संध्याकाळपर्यंत सात घरांत बॅनॉकचा प्रयोग झाला होता आणि दोन घरांत त्यावरून भांडणेही झाली होती.

बेट गप्प बसायला शिकले, पण जरा जास्तच शिकले. मोजणारे डॉक्टर, ॲलस्टर प्रिंगल, पहिल्यांदा आले ते फेब्रुवारीत. सडपातळ, तिशीतला, फार सभ्य माणूस. मेरनची तपासणी आटोपून विमानाची वाट बघत ते जेसी-ॲनच्या दुकानात चहा प्यायला गेले. दुकानात सहा बायका होत्या. सगळ्या एकदम गप्प झाल्या. जेसी-ॲन एरवी परक्या माणसाला त्याच्या आजीचे नाव विचारल्याशिवाय साखर देत नाही. त्या दिवशी तिने कप पुढे सरकवला, बोटे वर करून पैसे सांगितले आणि पाठ फिरवली.

"हवा बरी आहे आज," डॉक्टर म्हणाले.

सहाही जणींनी खिडकीबाहेर पाहिले, आणि हवेबद्दल बोललेले चालते की नाही याची खात्री नसल्यामुळे कुणीच काही बोलले नाही.

विमानतळाच्या खोपीकडे जाताना त्यांची माझी गाठ पडली. "मास्तर, माझ्या हातून इथं काही आगळीक झाली का हो?" त्यांनी अगदी पडलेल्या चेहऱ्याने विचारले. मला फार वाईट वाटले. मी त्यांना सांगितले की बेटावरची माणसे लाजाळू आहेत. अडतीस वर्षांत इतके मोठे खोटे मी दुसरे बोललो नसेन.

दुकानात जाऊन मी जेसी-ॲनला समजावले. "अगं, मेरनबद्दल बोलायचं नाही. बाकी बोलायला हरकत नाही."

"मास्तर, मला एक तर सगळं बोलता येतं, नाहीतर काहीच नाही," ती म्हणाली. "मधलं मला कधी जमलंच नाही. तुम्हीच शिकवायला हवं होतं लहानपणी."

ती माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी आहे.

मे महिन्यातली दुसरी फेरीही अशीच पार पडली. तिसरी फेरी मात्र आली ती ऑगस्टमध्ये, नेमकी गुरांच्या प्रदर्शनाच्या दिवशी.

प्रदर्शन हा आमच्याकडचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. गुरांना धुऊन, विंचरून, शेपट्या फुगवून मैदानात आणतात. मालकाने आपले जनावर दाव्याने धरून रिंगणातून फिरवायचे आणि परीक्षकाने बघायचे. मेरन दहाव्या वर्षापासून फिरवत आली होती. आजारानंतरची तीन वर्षे मात्र तिच्याऐवजी एरलंड उतरायचा. त्या तीन वर्षांत कर्सिटरांच्या कालवडीला एकही फीत मिळाली नाही. एरलंड भला माणूस आहे, पण जनावर त्याच्याबरोबर चालते ते उपकार केल्यासारखे.

त्या वर्षी मेरन म्हणाली, "मी फिरवणार." तिला बरे वाटत होते. पाय हलका झालाय असे ती सांगायची आणि आम्हालाही तो हलका झालेला दिसायचा. तिची कालवड रोझी, काळी कुळकुळीत, स्वभावाने शांत. दोन महिने दोघी रोज संध्याकाळी अंगणात फिरत होत्या.

बेत पक्का ठरला होता. डॉक्टरांनी सकाळच्या विमानाने यायचे, दहाला तपासणी, बाराच्या विमानाने परत. तपासणीच्या दिवशी सकाळची कॅप्सूल आधी घ्यायची नाही, नंतर घ्यायची, असे इस्पितळानेच सांगितलेले होते. म्हणजे डॉक्टर असेपर्यंत गाल लाल व्हायचा प्रश्नच नाही. मेरनने साडेअकराला चीज आणि बॅनॉकबरोबर कॅप्सूल घेतली आणि ती मैदानात आली. कालवडींचा वर्ग एक वाजता होता.

पावणेबाराला समुद्रावरून धुके आले. उन्हाळ्यात ते असेच येते. आधी दीपस्तंभ जातो, मग बंदर, मग समोरच्याची टोपी. मैदानावर विरळच होते, पण धावपट्टीवर काही दिसेना. विमान आलेच नाही.

एरलंड तेवढ्यात घरी राहिलेला ब्रश आणायला गाडी घेऊन गेला होता. परत येताना त्याला रस्त्याच्या कडेला, खोपीबाहेर, आपल्या बॅगेवर बसलेला एक माणूस दिसला. धुक्यात एकटा. एरलंडने गाडी थांबवली आणि दार उघडले. अडकलेल्या परक्या माणसाला आमच्याकडे कुणी रस्त्यावर सोडून जात नाही. हे आम्हाला कुणी शिकवलेले नाही. हात आपोआप दाराकडे जातो.

मैदानात गाडी येऊन थांबली तेव्हा मी फाटकापाशीच होतो. एरलंड ब्रश घेऊन उतरला.

"सापडला बघा," तो खुशीत म्हणाला. मग त्याने माझे तोंड पाहिले. "काय झालं?"

"गाडीत कोण बसलंय, एरलंड?"

"डॉक्टर. विमान आलं नाही ना, म्हणून..." तो मध्येच थांबला. त्याच्या डोळ्यांदेखत त्याची चूक त्याला उमगत गेली. "अरे देवा. पण मास्तर, एकटा बसला होता हो तो. त्याला तसंच टाकून यायचं का?"

"नाही," मी म्हणालो. "मीही आणलंच असतं."

मेरन गुरांच्या शेडपाशी उभी होती. साडेबारा वाजून गेले होते आणि तिच्या गळ्यावरची लाली हनुवटीपर्यंत चढली होती. मी तिला सांगितले. तिने गाडीकडे पाहिले, रिंगणाकडे पाहिले, मग रोझीच्या मानेवर कपाळ टेकवले.

"मी घरी जाते," ती म्हणाली. "एरलंडला द्या हे."

तिने दावे माझ्यापुढे धरले. मी धरायला गेलो, पण तिच्या मुठीतून ते सुटेना. आम्ही दोघेही ते दावे धरून तसेच उभे राहिलो.

"मी फिरवतो की," एरलंड म्हणाला. "मेरन, अगं, पुढच्या वर्षी..."

"पुढच्या वर्षी माझा पाय कुठं असेल ते तुला ठाऊक आहे का?" ती म्हणाली. रागावून नव्हे. मग थोडे हसून, "आणि तू फिरवलंस तर ही तुझ्या पायावर उभी राहणार. तीन वर्षं तेच बघतोय सगळे."

शेडच्या पलीकडेच, रिंगणाच्या दोरीला लागून, शाळेतल्या मुलांचे टेबल होते, तोंडे रंगवायचे. शाळेच्या सहलीसाठी पैसे जमवायला ती दरवर्षी मांडतात. बेला तिथे ब्रश धुवत होती. मुलांना ऐकू जाऊ नये म्हणून आपण आवाज खाली आणतो, आणि नेमके तेवढेच मुलांना ऐकू जाते. तिने काही विचारले नाही. हात पुसले, गाडीपर्यंत चालत गेली आणि खिडकीवर टकटक केली.

"डॉक्टर, तुमचा नंबर आला."

"माझा? कसला?"

"तोंड रंगवायचा."

"अगं, पण मी नंबर लावलाच नव्हता."

"मी लावला तुमचा. चला, मागे रांग आहे."

मागे कुणीही नव्हते. पण डॉक्टर फार सभ्य माणूस, आणि सहा महिन्यांत बेटावरचे कुणीतरी त्यांच्याशी पहिल्यांदाच इतके बोलत होते. ते आले. बेलाने त्यांना खुर्चीत बसवले, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला आणि म्हणाली, "पफिन करते तुमचा. पांढरे गाल, लाल-नारिंगी चोच. डोळे मिटा. रंग डोळ्यांत गेला तर फार चुरचुरतं. मी सांगेपर्यंत उघडायचे नाहीत."

डॉक्टरांनी डोळे मिटले.

बेलाने माझ्याकडे पाहिले. मी मेरनकडे पाहिले. मेरनने दावे माझ्या हातातून ओढून घेतले.

एक वाजता कालवडींचा वर्ग लागला. सहा जनावरे रिंगणात उतरली. मेरन चौथी होती. आता तिचा चेहरा पुरता पेटला होता. त्या विरळ धुक्यात तो शंभर पावलांवरून दिसत होता. आणि खुर्चीतले डॉक्टर रिंगणापासून फार तर सहा पावलांवर, दोरीकडे तोंड करून, मान वर धरून बसलेले.

मैदानात एवढी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. लाउडस्पीकरवर गुरांचे डॉक्टर होते. दरवर्षी ते प्रत्येक मालकाचे नाव, गाव, आजोबा असे सगळे सांगतात. त्यांनी एकदा खुर्चीकडे पाहिले आणि घसा साफ केला. "क्रमांक चार," ते म्हणाले, "रोझी." पुढे काहीच नाही. मग बाकीच्यांवर अन्याय नको म्हणून तेव्हापासून त्यांनी कुणाच्याच मालकाचे नाव घेतले नाही. त्या वर्षीची सगळी बक्षिसे गाईंना मिळाली.

मेरन चालली. पहिली बाजू चांगली गेली. कोपऱ्यावर वळताना तिचा डावा पाय गवतात घासला आणि ती किंचित कलली. रोझी थांबली. दाव्याला हिसका नाही, काही नाही. मेरनने पाय सावरला, रोझीने पुढचे पाऊल टाकले. जणू हेही शिकवलेलेच होते. एरलंड माझ्या शेजारी उभा होता. ब्रशचे केस तो एकेक करून उपटत होता.

"काय चाललंय?" डॉक्टरांनी मिटल्या डोळ्यांनी विचारले.

"कालवडी," बेला म्हणाली.

"कोणाची चांगली आहे?"

"बोलू नका, चोच वाकडी होतेय."

पफिन या आमच्या समुद्रपक्ष्याला काही फार रंग लागत नाही. मी घड्याळात पाहिले. पंधरा मिनिटे झाली होती. बेलाचा पफिन केव्हाच पूर्ण झाला होता, आणि आता ती सुकलेल्या पांढऱ्यावर पुन्हा पांढरे लावत होती. रिंगणात परीक्षक अजून पाचव्या कालवडीच्या पाठीवरून हात फिरवत होता.

डॉक्टरांनी मान न हलवता हळूच हाक मारली, "मास्तर, इथंच आहात ना?"

"आहे."

"रंग वाळला असावा असं मला वाटतंय."

"मला रंगातलं काही कळत नाही," मी म्हणालो.

मैदानावरची ती शांतता डॉक्टरांनाही ऐकू येत असणार. त्यांनी पापण्या अधिकच घट्ट मिटून घेतल्या. "मलाही कळत नाही," ते म्हणाले. "मी आपला बसतो असाच. बेला, तू सावकाश कर. मला कसलीही घाई नाही."

बेलाने ब्रश खाली ठेवला आणि लांब श्वास सोडला.

पहिला नंबर शेजारच्या वाडीतल्या कालवडीला मिळाला. दरवर्षी त्यांनाच मिळतो. "दुसरा नंबर," लाउडस्पीकर म्हणाला आणि जरा अडखळला, "रोझी!" टाळ्या अशा वाजल्या की शेडमधली गुरे हंबरली. जेसी-ॲन दोन्ही हातांनी आपले तोंड दाबून धरून नुसती उड्या मारत होती. मेरनने निळी फीत रोझीच्या दाव्याला बांधली, मैदान ओलांडले आणि ती शेडमध्ये दिसेनाशी झाली. एरलंड धावत मागून गेला.

मी डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवला. "वाळला."

त्यांनी डोळे उघडले, आरशात पाहिले आणि मनापासून हसले. कुणाबद्दल काही विचारले नाही. दुपारी चहाच्या तंबूत मेरनने नेहमीसारख्या गोऱ्या चेहऱ्याने त्यांच्यापुढे चीजची बशी ठेवली. एका पफिनने तिचे आभार मानले. त्या रात्री ते माझ्याकडे मुक्कामाला होते. सकाळच्या विमानात चढताना त्यांच्या कानामागे अजून नारिंगी रंग होता.

दीड वर्षाने पाकीट उघडले. इस्पितळातून फोन आला तेव्हा मी मेरनच्या स्वयंपाकघरात होतो. तिने ऐकून घेतले, "हो का," म्हणाली, आणखी दोनदा "हो का" म्हणाली आणि फोन ठेवला.

"भुकटी," ती म्हणाली.

"काय?" एरलंडने विचारले.

"मला दोन वर्षं भुकटीच होती. औषध नव्हतंच."

"मग ते गाल?"

मेरन खुर्चीत बसली आणि हसू लागली. इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. "अरे, मी तेव्हा एकोणपन्नासची होते! माझ्या आईला याच वयात असं व्हायचं. बायकांना होतंच. मला कसं सुचलं नाही?"

"पण कॅप्सूलनंतरच व्हायचं ना?" मी म्हणालो.

एरलंडने मान खाजवली. "मास्तर, तसं बघितलं तर ती पहाटेही पांघरूण भिरकावून द्यायची. चर्चमध्येही एकदा लाल झाली होती. ते मी धरलंच नव्हतं."

मीही धरले नव्हते. कुणीच धरले नव्हते. कॅप्सूलनंतरची लाली आम्ही वाट बघून बघितली होती. बाकीची दिसली आणि विसरली. आणि तो हलका झालेला पाय? मोजणाऱ्या डॉक्टरांच्या कागदावर सगळे होते. पहिल्या फेरीत आठ मीटरला सात सेकंद, शेवटच्या फेरीत पावणेआठ. प्रदर्शनाच्या दिवशीही सातच्या वरच. मैदानावरच्या दीडशे माणसांना जे दिसले ते त्यांच्या घड्याळात नव्हते.

ज्यांना खरे औषध मिळाले होते त्यांना मात्र त्याचा चांगला उपयोग झाला होता. आजाराचे नवे झटके जवळजवळ निम्म्याने कमी. आणि आता ते मेरनलाही मिळणार होते.

पुढच्या आठवड्यात बेलाने वर्गात हात वर केला. ती अकरा वर्षांची झाली होती. "मास्तर, म्हणजे आपण सगळे उगाचच गप्प बसलो? लपवायला काही नव्हतंच."

"तू सांग," मी म्हणालो आणि थांबलो.

तिने खिडकीबाहेर पाहिले. बराच वेळ गेला. मागच्या बाकावरच्या दोघांनी तेवढ्यात खोडरबरावरून मारामारी करून समेटही केला.

"नाही," ती म्हणाली. "डॉक्टरांनी लाल गाल बघितले असते, तर त्यांना आपल्यासारखंच वाटलं असतं. मग त्यांनी मेरनमावशीला जरा जास्त बरं लिहिलं असतं. आणि मग भुकटीच औषधासारखी दिसली असती." ती थांबली. "मग खरं औषध चांगलं आहे, ते कसं कळलं असतं?"

मी फळ्याकडे वळलो, कारण माझ्या बहिणीची आठवण झाली होती. मग आम्ही अपूर्णांक घेतले.

मेरन आता खरे औषध घेते. तिचे गाल जराही लाल होत नाहीत. जेसी-ॲनला अजून संशय आहे की इस्पितळाने पाकिटांत अदलाबदल केली. सहा महिन्यांत नवा झटका आलेला नाही. पाय जसा होता तसा आहे, आणि तसा राहिला तर तिची तक्रार नाही.

या ऑगस्टच्या प्रदर्शनात ती रोझीचे पहिले वासरू घेऊन उतरली. हवा स्वच्छ होती. सकाळच्या विमानाने एक सडपातळ पाहुणा आला, त्याच्या हातात कागद नव्हते, घड्याळ नव्हते. त्याला आता कुणाला मोजायचे नव्हते. दुकानात जेसी-ॲनने त्याला पाऊण तास धरून ठेवले आणि अडीच वर्षांचे तुंबलेले सगळे सांगून टाकले. तिथून सुटून तो थेट मुलांच्या टेबलापाशी आला आणि खुर्चीत बसला. बेलाचे हे बेटावरचे शेवटचे प्रदर्शन, पुढच्या आठवड्यात ती मोठ्या शाळेच्या वसतिगृहात जाणार आहे.

"पफिन," डॉक्टर म्हणाले. "या खेपेला डोळे उघडे ठेवले तर चालतील का?"

बेलाने रिंगणाकडे पाहिले. मेरन वासराच्या कानात काहीतरी सांगत होती.

"ठेवा," ती म्हणाली. "पण हलू नका."